ठणठणीत

"बरं," तो माणूस म्हणाला आणि फोन ठेवल्याचा बारीक आवाज झाला. बाई रिसीव्हर कानाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. फोन घ्यायला घाईने उठताना मटारची टोपली कलंडली होती, काही दाणे घरंगळत बुटांच्या कपाटाखाली गेले होते. ते त्यांना दिसत होते, पण वाकवेना. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं. ज्यांचा जन्म शाळेत गेला त्यांना 'बरं' नुसतं ऐकून कळतं. समोरच्याला पटलं की बरं वर जातं. आणि मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत म्हणतात ते बरं खाली जातं, विहिरीत टाकलेल्या खड्यासारखं, आणि मग उद्यापासून यायचं नसतं. हे खाली जाणारं होतं. शिवाय त्यात कीव होती, आणि ती कशाची हे न कळल्यामुळे ते बाईंच्या कानात कुसळासारखं अडकून बसलं.

तसं बोलणं काही वाईट झालं नव्हतं. आवाज तरुण होता, नाक चोंदलेला. विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागातून बोलतोय, म्हणाला, आणि भिंगरीचं खरं नाव आडनावासकट घेतलं, तेव्हा बाई उगाचच सरळ उभ्या राहिल्या होत्या. "मी तिची आजी. ती कॉलेजात गेलीय. निरोप असेल तर सांगा, मी विसरत नाही." निरोप नव्हता, पडताळणी होती. बदली होऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांची जी गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे त्यात तिचं नाव निघालंय, आईंचा फोन लागत नाही, म्हणून घरी केला. "लागायचा नाही. कामावर असली की ती फोन कपाटात ठेवते. मला विचारा की."

"मागच्या वर्षीचं एक सत्र रिकामं दिसतंय. तेव्हा ती आजारी होती का?"

"आजारी? छे हो. ठणठणीत आहे आमची मुलगी."

तो थांबला. "आत्ताचं नाही म्हणत मी. तेव्हा."

"तेव्हाही. पहिल्यापासूनच ठणठणीत. औषधाची बाटली कशी असते ते ठाऊक नाही तिला. तुम्हालाच सर्दी झालेली दिसतेय."

तो हसला नाही. "आजी, तुम्हाला नीट आठवतंय ना?"

हे मात्र बाईंना झोंबलं. त्यांना आठवत नाही असं कधी झालं नव्हतं. कुठल्या वर्गात कोण कुठल्या बाकावर बसायचं, कुणाचा डबा कुणी खाल्ला, सगळं त्यांच्या डोक्यात जागच्या जागी होतं. "मी दिवसभर घरातच असते," त्या म्हणाल्या. "मला नाही कळणार?" त्यावर तो 'बरं' म्हणाला होता.

त्या पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र धापा टाकत होतं. चांगलं झालं आपण उचलला ते, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. विद्यापीठाचा माणूस घरी फोन करतो, मुलीच्या तब्येतीची चौकशी करतो, म्हणजे काम पक्कंच. माणसं घेताना तब्येत विचारतातच. त्यांना स्वतःला प्रत्येक शाळेने विचारली होती. त्या आयुष्यभर बदली शिक्षिका होत्या. कुणी बाळंतपणाला गेलं, कुणाचा पाय मोडला, कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं की शाळेतून निरोप यायचा, आणि त्या दुसऱ्याच्या खुर्चीवर दुसऱ्याची उशी तशीच ठेवून बसायच्या, दुसऱ्याच्या अक्षरातल्या फळ्याच्या कडेला आपलं अक्षर जुळवून घ्यायच्या. मुलं त्यांना 'बदलीबाई' म्हणत. नाव विचारायची वेळ येईपर्यंत खऱ्या बाई परत आलेल्या असत. अशा बाईला आजारी पडून कसं चालेल? बदलीला बदली कुठली? प्रत्येक मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत विचारायची, "तब्येत कशी असते?" आणि त्या मान वर करून सांगायच्या, "ठणठणीत." अंगात ताप असतानाही सांगितलं होतं. लेक पोटात असतानासुद्धा, सैल कोट घालून, सांगितलं होतं. या शब्दानेच तर घर चाललं होतं. तो नुसता म्हटला की पाठ ताठ व्हायची. त्या शब्दाला खाकरलेल्या गळ्याचा, वाजवून बघितलेल्या मडक्याचा आवाज होता.

म्हणून तर शिष्यवृत्तीचं नाव ऐकून त्यांना हसू आलं होतं. भिंगरी जेवताना सगळं समजावून सांगत होती. तिचं कॉलेज दोनच वर्षांचं, बसच्या शेवटच्या थांब्यावरचं, खाली सायकलींचं गोदाम आणि वर वर्ग. तिथे चांगले गुण मिळवणाऱ्यांना सरकारी विद्यापीठ एकदम तिसऱ्या वर्षात घेतं, आणि त्यातल्या मोजक्या जणांचं शिकणं, राहणं, पुस्तकं सगळं स्वतः करतं. ते मिळालं तर जायचं. नाही मिळालं तर ज्या औषधांच्या दुकानात ती संध्याकाळची उभी राहते तिथे दिवसाचंही उभं राहायचं. एवढी साधी गोष्ट. "आणि आम्हाला काय म्हणतात माहितीय का आजी? बदली विद्यार्थी." बाई म्हणाल्या, "अगं बाई. या घरात बदली एकच होती इतके दिवस. कुणाच्या जागेवर जातेयस?" भिंगरी भात कालवता कालवता थांबली आणि म्हणाली, "कुणाच्याच नाही. माझी मी बदली." लेक हसली, बाई हसल्या. मग दूध उतू जाईल म्हणून बाई उठून आत गेल्या होत्या. त्यानंतर भिंगरी अटींचं काहीतरी सांगत होती, खंड नसावा, खंड पडला असेल तर अमुक, आणि लेक हळू आवाजात काही विचारत होती. बाई दूध घेऊन आल्या तेव्हा दोघी गप्प झाल्या होत्या. हे त्यांना आत्ता, शेंगेत नख खुपसताना आठवलं. दोघी गप्प झाल्या होत्या, आणि लेकीने विनाकारण मीठ पुढे सरकवलं होतं.

खंड. बाईंनी नख शेंगेतच ठेवलं. मागच्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा भिंगरी एके सकाळी उठली नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. उठत नव्हती, एवढंच. भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि डोळे उघडे होते. लहानपणी घरभर गोल गोल फिरायची म्हणून तिला भिंगरी नाव पडलेलं, आणि आता ती कूससुद्धा बदलत नव्हती. केसांना तेलकट वास यायला लागला. बाई ओला टॉवेल घेऊन तिचा चेहरा पुसायच्या, ती पुसू द्यायची, जसं एखादं टेबल पुसू देतं. बाईंनी पडदे उघडले, तिने ते ओढूनही घेतले नाहीत, नुसता हात डोळ्यांवर ठेवला. कॉलेजातल्या मैत्रिणी आल्या तेव्हा बाईंनी दारातूनच सांगितलं, "अभ्यासात आहे." शेजारणीने विचारलं तेव्हा सांगितलं, "ठणठणीत आहे हो. परीक्षा जवळ आलीय ना." पाव भिजवून भरवला तर तो गालात तसाच राहायचा. एकदा बाईंनी रागावून पाहिलं, एकदा मांडीवर डोकं घेऊन लहानपणीची गाणी म्हणून पाहिली. लेक तिला कुठल्याशा डॉक्टरकडे घेऊन जायची, दोघी टॅक्सीने जायच्या आणि परत आल्यावर काही बोलायच्या नाहीत. गोळ्या होत्या, त्या लेकीच्या पर्समध्ये असायच्या. बाईंनी विचारलं नाही. विचारायचं नाही, नाव घ्यायचं नाही, हेच आपलं काम असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. नाव घेतलं की ते पाट मांडून बसतं. आणि झालंही तसंच. थंडी सरता सरता एके दिवशी भिंगरी उठली, स्वयंपाकघरात आली आणि काही न बोलता सिंकमधली भांडी घासायला लागली. बाई दारात उभ्या राहून तिचे कोपर हलताना बघत होत्या. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या म्हणाल्या, "तो कप फुटका आहे, जपून." बस. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. बाईंच्या हिशेबी ते घडलंच नव्हतं. आणि घडलंच नव्हतं तर आजार कसला? त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी जे पुसून ठेवलं होतं ते पुसलेलंच सांगितलं होतं.

पण तो माणूस विचारत होता, तेव्हा आजारी होती का. आणि त्याचा आवाज, आता आठवून बघितलं तर, 'हो' ऐकायला आसुसलेला होता. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत नसलं की बाई स्वतः असाच आवाज काढायच्या. अर्धं उत्तर ओठांवर आणून ठेवायचं, फक्त घे म्हणायचं. तो दोनदा तसा थांबला होता. नीट आठवतंय ना, म्हणाला होता. शेंगांचा हिरवा वास एकदम कच्चा वाटायला लागला.

हा शब्द त्यांना शाळेने दिला नव्हता. तो त्याच्याही आधीचा, जिन्यावरचा होता. लहानपणी त्या राहायच्या त्या घराचा मालक चष्मे विकायचा. खाली त्याचं दुकान, वर भाडेकरू. माणूस वाईट नव्हता, पण छातीच्या रोगाला भ्यायचा. त्याची बायको त्याच रोगाने गेली होती. कुणाच्या घरातून खोकल्याचा आवाज आला की महिनाअखेर ते बिऱ्हाड रस्त्यावर. आणि ताई खोकत होती. ताई मोठी, अंगाने काडी, गालांवर दोन लाल गोल. आईने तिला आतल्या बाजूला पडद्यामागे निजवली होती आणि खोकला आला की उशीत तोंड खुपसायला शिकवलं होतं. धाकटीला दुसरं काही शिकवलं होतं. "कुणी विचारलं तर काय सांगायचं?" "ठणठणीत आहे." "मान खाली घालून नाही. वर बघून सांग." मालक जिन्यात थांबवायचा, खिशातून लिमलेटची गोळी काढायचा. "तुझी ताई दिसत नाही ती?" "आहे की. ठणठणीत आहे." गोळी मिळायची. ती अर्धी तोडून ताईला न्यायची असायची. पडद्यामागून ताई विचारायची, "काय गं, कोण ठणठणीत?" "तू." "मग उठू का?" आणि तिला हसू यायचं, हसता हसता खोकला, आणि मग ती उशीत तोंड घालायची आणि तिची पाठ नुसती हलत राहायची, आवाज नाही. आई डोळे मिटून उभी असायची. घर टिकलं. औषधं चहाच्या डब्यातून येत राहिली, आणि ऊन तापायला लागलं तशी ताई खरंच उठली. शब्दानेच उठवली असं आई मरेपर्यंत म्हणायची. ताई चांगली म्हातारी झाली. दुसऱ्या गावाहून फोन करायची तेव्हा हॅलोसुद्धा म्हणायची नाही. "ठणठणीत?" "ठणठणीत." मग दोघी हसायच्या आणि खऱ्या दुखण्यांचं बोलायच्या, गुडघे, रक्तदाब, झोप. दोघींचं ते सांकेतिक होतं. आता तिकडून फोन येत नाही. हाच फोन, याच कोपऱ्यात. सकाळी तो वाजला तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, बाईंना तीच असेल असं वाटलं होतं.

लेकीला कामावर फोन करायचा नाही असा नियम होता, पण बाईंनी केला. लेक विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसायची. तिकडचा सार्वजनिक नंबर लावला, कुणीतरी थांबा म्हणालं, आणि मग लोकांच्या कलकलाटातून लेकीचा कामावरचा आवाज आला, गोड आणि थकलेला. "बोला, कुठल्या रंगाची बॅग?"

"मी आहे गं."

"आई? पडलीस का?"

"नाही. विद्यापीठाचा फोन आला होता." बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना सर्दीवाला भाग गाळला. तिकडे कुणीतरी मोठ्याने सांगत होतं की त्याच्या पेटीला लाल फीत बांधली होती, लाल.

"तू काय सांगितलंस?" लेकीचा कामाचा आवाज गेला होता.

"काय सांगणार. ठणठणीत म्हणाले."

बाईंना वाटलं फोन तुटला. मग लेक अगदी सावकाश, चुकीच्या विमानात बसलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलली. "आई, सत्र बुडालं की शिष्यवृत्ती जाते. एकच गोष्ट चालते, ती म्हणजे स्वतःचा आजार. डॉक्टरांनी लिहून दिलंय. तिनेही लिहिलं होतं, स्वतः, काय झालं होतं ते सगळं. किती दिवस लिहीत होती. मला वाचून दाखवलं तेव्हा मी रडले. ते फक्त घरून एकदा विचारून घेतात. हो म्हणायचं होतं, आई. नुसतं हो."

"मला नाही वाचून दाखवलं."

"तुला काय दाखवणार? तुझ्या लेखी ती आजारी नव्हतीच कधी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना परतवता आला असता. "मग मला सांगून तरी ठेवायचं," त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं," लेक म्हणाली. "माझंच चुकलं. तिने माझा नंबर दिला होता, मला वाटलं तोच लागेल." मग तिला कुणीतरी हाक मारली. "तू आता काही करू नकोस. मी सुटल्यावर बघते. आई? कुणाला फोन करू नकोस."

बाईंनी केला. भिंगरीने फोनच्या वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर विद्यापीठाचा नंबर होता. आधी यंत्र बोललं. अमुक असेल तर एक दाबा, तमुक असेल तर दोन. बाई प्रत्येक पर्याय नीट ऐकून घेत, आणि कुठला आपला हे ठरवेपर्यंत यंत्र पहिल्यापासून सुरू करी. आपली अडचण कुठल्याच आकड्यात बसत नव्हती. शेवटी त्यांनी कुठलातरी दाबला. संगीत लागलं, एकच तुकडा परत परत, एखाद्या मुलाने पेटीवर तेवढाच बसवलेला असावा तसा. त्या उभ्या राहिल्या. पाय भरून आले तेव्हा भिंतीला टेकल्या. टायरच्या दुकानातलं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं. मग एक बाई आली लाइनवर.

"विद्यार्थिनी स्वतः बोलतेय का?"

"नाही. मी आजी. सकाळी तुमच्याकडून फोन आला होता, त्यात माझी जरा चूक झाली."

"आजी, माहिती आम्ही विद्यार्थिनीलाच देतो."

"मला माहिती नको. मला द्यायचीय. सकाळी तर माझीच घेतलीत."

तिकडे कळफलकाचा टकटक आवाज झाला. ती वाईट नव्हती, तिने बघितलं. "हं. लिहिलंय इथे. घरच्यांशी बोलणे झाले, आजार नसल्याचे सांगितले. दोनदा विचारून खात्री केली."

"तेच. ते पुसा. होती ती आजारी."

"पुसता येत नाही, खाली जोडता येतं. पण आजी, सकाळी नव्हती आणि आता होती, मी काय लिहू? बरं, सांगा. आजार काय होता?"

बाईंनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं होतं शब्द तिथे असेल. इतकी वर्षं शब्दांवरच पोट भरलेल्या बाईला एका आजाराचं नाव येऊ नये? पण त्यांनी ते कधी आत येऊच दिलं नव्हतं, आता बोलावलं तर कुठून येणार. "ती उठत नव्हती," त्या म्हणाल्या.

"उठत नव्हती म्हणजे? कंबर वगैरे?"

"नाही. कंबर चांगली आहे. मन... तिचं मन नव्हतं."

"मन नव्हतं." टकटक झाली नाही. "अभ्यासात मन नव्हतं, असं?"

"नाही नाही, तसं नाही. अभ्यासात असतंच तिचं मन. कशातच नव्हतं. पाव गालात ठेवायची. भिंतीकडे बघायची." बाईंना स्वतःचं बोलणं ऐकू येत होतं, ते नापास होणाऱ्या मुलाचं होतं. "भिंत बघत होती, असं लिहा."

ती बाई हळूच म्हणाली, "आजी, मी हे लिहिलं ना, तर तिचं नुकसानच होईल. तुम्ही राहू द्या. समितीची बैठक आजच आहे. काय ठरेल ते तिला कळवतील." आणि ठेवताना तीही म्हणाली, बरं.

त्यानंतर बाईंनी काही केलं नाही. करण्यासारखं नव्हतंच. कपाटाखालचे दाणे झाडूने ओढून काढले, तर त्यांच्याबरोबर धूळ, एक केसांची पिन आणि भिंगरीच्या लहानपणचं निळं बटण आलं. बटण धुऊन त्यांनी मुठीत ठेवलं. ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून दिवाणावर. दिवाणावर बसून त्या भिंगरीच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. ती आली की काय सांगायचं याची त्यांनी वाक्यं जुळवली, धड्याची तयारी करावी तशी. पण पहिल्या वाक्यापुढे ती जाईनात. अगं, एक गंमत झाली. नाही. भिंगरे, इकडे बस. नाही. सगळ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या जागी बसून दुसऱ्याचा धडा बिनबोभाट पुढे नेला होता, आणि खऱ्या बाई परत आल्यावर त्यांना कधी तक्रारीला जागा मिळाली नव्हती. आज त्या एका पोरीच्या जागी उभं राहून बोलल्या होत्या. तिच्या जिवाचं उत्तर त्यांनी देऊन टाकलं होतं, आणि ती आता परत यायची होती.

ती आली ती किल्लीने दार उघडून, नेहमीसारखी. औषधांच्या दुकानात जायच्या आधी ती चहाला घरी यायची. बॅग खुंटीला लावली, बूट काढले, ते जोडीने ठेवले. ते जोडीने ठेवणं बघून बाईंना कळलं की तिला कळलंय. भिंगरी बूट कधी जोडीने ठेवत नसे.

"त्यांचं आलं," ती म्हणाली आणि फोन दाखवल्यासारखा केला. "माहितीत विसंगती आढळली, असं लिहिलंय. घरून कुणीतरी सांगितलं म्हणे."

"मी."

"हो, मला वाटलंच."

"मला वाटलं तब्येत विचारतायत. घेण्याआधी विचारतात तशी."

भिंगरीने मान हलवली. तिला खरंच समजलं होतं, आणि ते बघवत नव्हतं. "काय म्हणालीस तू नक्की?"

बाईंनी मूठ उघडून बटणाकडे पाहिलं. "ठणठणीत."

भिंगरी हसली. खरोखरच हसली, खांदे हलले. "मी दोन पानं लिहिली होती, आजी. एकेक ओळ लिहून खोडत होते. मला वाटायचं, हे कुणाला कळेल. आणि तू एका शब्दात..." तिने वाक्य सोडून दिलं. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा भरता येईल ना? मी स्वतः येते. समितीपुढे उभी राहते. मी शाळांमधून उभी राहिलेय." भिंगरी म्हणाली, "येतं भरता. पण मधलं वर्ष खंड धरतात." तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की बाईंना एकदम ताईची ती पाठ आठवली, आवाज न करता हलणारी.

"चहा टाकते," बाई म्हणाल्या.

"नको. जरा पडते." ती आत गेली. दार लोटलं, लावलं नाही.

बाई उठल्या. दुकानात जायची वेळ होत आली होती, झाली, होऊन गेली. दाराच्या फटीतून पलंगाचा अर्धा भाग दिसत होता. पायमोजे, गुडघ्यात दुमडलेले पाय. तोंड कुठल्या बाजूला आहे ते दिसत नव्हतं. दार जरा ढकललं असतं तर दिसलं असतं. बाईंनी हात दारावर ठेवला आणि तसाच राहू दिला. थकून पडलेलं माणूस आणि ते दुसरं पडणं यांत फरक असतो, तो डॉक्टरांना कळत असेल. त्यांना पायमोज्यांवरून कळत नव्हतं. त्यांनी कान दिला. श्वास येत होता. श्वास तेव्हाही येत होता.

फोन वाजला. लेक होती, मागे तोच कलकलाट. "आली का ती? तिला कळलं का?"

"कळलं."

"कशी आहे?"

शब्द जिभेवर येऊन उभा राहिला, आज्ञेत वाढलेल्या मुलासारखा, मान वर करून. बाईंनी ओठ मिटले. रिसीव्हर घट्ट धरला. मग जन्मात पहिल्यांदा, घरातल्या माणसाबद्दल, त्यांनी म्हटलं, "आजारी आहे."

"काय? काय होतंय तिला? आई?"

आत पलंग करकरला. भिंगरीचा आवाज आला, उशीतून यावा तसा दबलेला, पण त्यात राग नव्हता, समजूत घातल्यासारखा होता.

"आजी, तिला कामावर घाबरवू नकोस. ठणठणीत आहे म्हणून सांग."

"आई, काय म्हणतेय ती?" लेक विचारत होती. "हॅलो? काय म्हणतेय?"